खालचं आभाळ: आमच्या व्हीआर हॉरर गेमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेमो दिल्यापासून तेच तेच प्रश्न येऊ लागलेत, फोनवर, मेसेजवर, चहाच्या टपरीवर, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. आम्ही तिघं आहोत. मी कोडिंग आणि गोष्ट बघतो, मूळचा परभणी जिल्ह्यातला. थ्रीडीचं सगळं जी बघते ती अंबाजोगाईची, आणि आवाजाचं काम ज्याच्याकडं आहे तो संभाजीनगरचा. खाली "आम्ही" म्हटलं की तिघंही समजा.

हा गेम नेमका आहे काय?

डोळ्यांवर व्हीआर हेडसेट घालून एकट्यानं खेळायचा हॉरर गेम. रात्रीचे बारा वाजलेत, शेतावरची लाईट आत्ता कुठं आली, आणि तुम्हाला मोटर चालू करून पिकाला पाणी द्यायला दारं धरायचंय. आपल्याकडं हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही, दिवसाची पाळी नसली की रात्री बॅटरी घेऊन निघावंच लागतं, थंडी असो नाहीतर साप असो. गेममध्ये ती मोटर एका जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत आहे. तुम्ही उतरायला लागता, उतरतच राहता, आणि मग कधीतरी लक्षात येतं की पाणी खाली नाहीचये, डोक्यावर आहे, आणि खाली बॅटरी मारली तर चांदण्या दिसतात. तिथून पुढचं सांगत नाही.

सर्रियल म्हणजे काय? भूत आहे का नाही तेवढं सांगा.

भूत नाही. एकही नाही.

सर्रियल म्हणजे आमच्यापुरतं असं की वस्तू सगळ्या ओळखीच्या, फक्त जागा चुकलेली. स्वप्नात कसं होतं, घर आपलंच असतं पण माळवदावर जायचा जिना देवघरातून निघालेला असतो, आणि स्वप्न चालू असताना आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही, घाम फुटतो तो उठल्यावर. गेममध्ये कोरड्या बारवेच्या तळाला लग्नाचा मांडव घातलाय, पंगत मांडलीये, पत्रावळीवरच्या भाताची वाफ निघायलीये आणि माणूस एकही नाही. थोडं पुढं पिठाची गिरणी आहे, पट्टा फिरतोय, आवाज तोच आपल्या गल्लीतला, पण खाली डब्यात पडते ती काळी माती. त्या डब्यात हात घालता येतो. बरेच जण घालत नाहीत, आणि का घातला नाही विचारलं तर सांगता येत नाही त्यांना.

बारवच का घेतली? वाडा, जंगल, हॉस्पिटल असं काही का नाही?

कारण वाडा आणि हॉस्पिटल सगळ्यांनी करून झालंय, आणि बारव आपल्या पायाखाली आहे. परभणी जिल्ह्यातच बघा, गेल्या काही वर्षांत लोकांनी श्रमदान करून गाळानं आणि कचऱ्यानं बुजलेल्या कितीतरी बारवा मोकळ्या केल्या. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव ज्यांनी बघितली असेल त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल, पायऱ्या गोल फिरत खाली जातात आणि वरून बघताना डोळाच त्यात ओढला जातो, आपण उभे आहोत का फिरायलोय कळत नाही. बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत पोचायला बांधली, भीती दाखवायला नाही, हे मला माहितीये. पण खाली उतरताना ऊन मागं राहतं, हवा गार होत जाते, आपला आवाज आपल्याकडंच परत यायला लागतो, हे सगळं व्हीआरमध्ये जसंच्या तसं देता येतं.

अजून दोन जागा डोक्यात होत्या. एक वेरूळचं कैलास लेणं. ३४ लेण्यांमधलं १६ नंबरचं, आठव्या शतकातलं, आणि ते वरून खाली कोरत आणलंय, म्हणजे आधी शिखर आणि मग पाया. शाळेच्या सहलीत हे ऐकलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलं नाही की उभं करण्याऐवजी दगड काढत काढत एक अख्खं मंदिर सापडवलंय. गेममधलं आभाळ खाली आहे ते तिथून आलं. दुसरी जागा देवगिरी किल्ल्यावरची अंधारी. तो मार्ग मुद्दाम वळणावळणाचा आणि काळोखाचा ठेवलाय, आत शिरलेल्या शत्रूला दिशाच कळू नये म्हणून. कोडिंग करताना मी तीन वेळा जाऊन आलो, बॅटरी बंद करून भिंतीला हात लावत चाललो, वटवाघळांचा वास, पायाखालचा दगड गुळगुळीत. आपल्याकडं हॉररचं लेव्हल डिझाइन कित्येक शतकं आधीच झालंय.

ही खरी बारव आहे का? कुठं आहे?

खरी आहे, एका शेतात आहे, नाव सांगणार नाही. शेतमालकांनी एवढंच मागितलं होतं की लोकांची रीघ लावू नका, पायऱ्या ढासळायला लागल्यात, कुणाचं पोरगं पडलं तर कुणाला जबाबदार धरायचं. त्यांचं बरोबर आहे.

मोजमाप आम्ही फोटोंवरून घेतलं. ढगाळ दिवस बघून दोन सकाळी मिळून नऊशेच्या वर फोटो काढले, साध्या मोबाइलवर. ढगाळ यासाठी की ऊन असलं की सावली फोटोत पक्की बसते आणि मग गेममधल्या रात्रीतसुद्धा दगडावर दुपारची सावली दिसत राहते. ते फोटो मेशरूम नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले की ते एकमेकांशी जुळवून थ्रीडी मॉडेल बनवतं. कॉम्प्युटरला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड पाहिजे, नाहीतर काम अर्ध्यात अडकतं. निघालेलं मॉडेल लाखो त्रिकोणांचं असतं, हेडसेटला ते झेपत नाही, मग ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बसून एकेक पायरी हातानं परत बांधावी लागते. त्या कामाला आमच्या थ्रीडीवालीचे चार महिने गेले. चौदाव्या पायरीला एक कोपरा फुटलाय आणि तिथं कुणीतरी जुन्या काळी सिमेंट थापलंय, तेसुद्धा तिनं सोडलं नाही.

काम झाल्यावर मालकांना तिथंच, बारवेच्या काठावर खुर्ची टाकून हेडसेट घातला. सत्तरीचे आहेत. डोक्यावरचं पाणी दिसलं तसा त्यांनी हात वर केला, ओंजळ धरली, आणि बराच वेळ तशीच धरून बसले. मग म्हणाले, "एवढं पाणी हिच्यात मी लग्नाच्या वर्षी बघितलेलं, लेकरांनो." घाबरले अजिबात नाहीत.

दचकवणारे सीन आहेत का? अचानक तोंडासमोर काहीतरी येतं तसले?

नाहीत, आणि हे आम्ही ठरवून केलंय. मोबाइलवर अचानक काही आलं तर मोबाइल बाजूला ठेवता येतो. हेडसेटमध्ये ते तुमच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर येतं आणि माणूस मागं उडी मारतो, मागं कपाट असतं, पलंगाची कड असते, कधी लहान पोरगं उभं असतं. हेडसेट घातल्यावर अंग विश्वास ठेवतं, मेंदूला कितीही माहीत असलं की आपण हॉलमध्ये उभे आहोत तरी पाय ऐकत नाहीत. बारवेच्या कठड्यावर उभं केलं की माणसं तळपाय आवळून घेतात, मी स्वतः बघितलंय. ज्या अंगानं आपल्यावर एवढा विश्वास टाकला त्याला धक्का देऊन काय मिळवायचं. भीती त्या जागेतून आली पाहिजे, हळूहळू, तुम्ही स्वतः चालत तिच्याकडं गेलं पाहिजे.

त्या घागरींचं काय आहे? त्या हलतात का मला भास झाला?

हलतात.

ज्यांनी डेमो खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारवेच्या मधल्या टप्प्यावर घागरींची रांग आहे, स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या, एक पितळी, दोन रंगाचे डबे, टँकर यायच्या आधी आपल्याकडं लागते तशीच. माणसं नाहीत. तुम्ही मान वळवली की रांग एका घागरीनं पुढं सरकते. हेडसेटला तुमची मान कुठं वळली ते सेकंदात कितीतरी वेळा कळत असतं, त्यामुळं घागरी तुमच्या दिसण्याच्या टापूतून बाहेर गेल्या की मगच आम्ही त्या हलवतो. मेटा क्वेस्ट २ आणि ३ या हेडसेटना बुबुळं कुठं फिरतात ते कळत नाही, फक्त मान कळते, म्हणून मान सरळ ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न केलात तर रांग जागची हलणार नाही. आणि हो, शेवटची घागर तुमची आहे.

हा सीन मला सगळ्यात जवळचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. बातम्यांमध्ये सगळ्यांनी ती गाडी बघितली. आमच्या घरी त्या वर्षी आज्जी पहाटे चारला उठून घागर रांगेत लावून यायची आणि परत येऊन झोपायची, जागा धरायला घागर पुरायची. माणूस नसलेली रांग मी तेव्हापासून बघत आलोय.

चक्कर येईल का? मळमळेल का?

पहिल्यांदाच हेडसेट घालणाऱ्याला थोडं जाणवू शकतं. त्याचं कारण साधं आहे, डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण उभे आहोत, दोघांचं जमलं नाही की पोटात ढवळतं, बसमध्ये मोबाइल बघितल्यावर होतं तसंच, फक्त उलट बाजूनं. मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला तरी त्रास वाढतो. म्हणून फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावर, आम्ही तडजोड करत नाही. क्वेस्ट २ वर ७२, क्वेस्ट ३ वर ९०. हिशोब करा, ९० म्हणजे दोन्ही डोळ्यांचं अख्खं चित्र काढायला ११ मिलिसेकंद मिळतात, त्यात बारव, पाणी, सावल्या, आवाज, सगळं. कित्येक छान दिसणाऱ्या गोष्टी एवढ्यासाठी काढून टाकल्यात आणि त्याचं वाईट वाटत नाही.

आमचा एक नियम आहे, तुमच्या परवानगीशिवाय तुमचं अंग हलवायचं नाही. कॅमेरा स्वतःहून कधीच फिरत नाही, पडायचा सीन नाही, ढकलायचा सीन नाही. खाली उतरायला पायऱ्यांच्या बाजूनं दोर सोडलाय, दोन्ही हातांनी धरून ओढायचा की बारव वर येते आणि तुम्ही खाली जाता. स्वतःच्या हातानं ओढल्यामुळं मेंदूला हालचाल आधीच माहीत असते आणि ढवळणं बरंच कमी होतं. वळायला ठरावीक कोनात झटकन वळायची सोय आहे, चालताना कडेनं अंधार करायची सोय आहे, दोन्ही सुरुवातीलाच चालू असतात, नको असेल तर बंद करा.

तरीही घाम सुटला, लाळ यायला लागली, तर "अजून पाच मिनिटं" करू नका, लगेच काढा. सवय थोडं थोडं खेळूनच होते, जोर लावून नाही.

खोली किती मोठी पाहिजे?

२ मीटर बाय २ मीटर मोकळी असली तर उत्तम. तेवढ्यातच आम्ही तुम्हाला लांबवर चालवतो, कारण एका वळणापलीकडची खोली आणि आधीची खोली प्रत्यक्षात एकाच जागेवर बसवलेली असते, तुम्ही वळलात की मागची काढून पुढची ठेवतो. असल्या एकमेकांत घुसलेल्या जागांवर संशोधकांनी बरेच प्रयोग केलेत आणि बऱ्याचदा माणसांच्या ते लक्षात येत नाही. आम्हाला मात्र काही वेळा ते लक्षात आणून द्यायचंय, तीच तर गंमत आहे. जागा नसेल तर खुर्चीवर बसूनही अख्खा गेम होतो.

एक कळकळीचं सांगणं. गेममधल्या भिंतीला टेकायला जाऊ नका, कठड्यावर बसायला जाऊ नका. तिथं काही नाही. आमच्या टेस्टिंगमध्ये एक ताई अशाच टेकायला गेल्या आणि खांद्यावर पडल्या, नशिबानं खाली सतरंजी होती. आणि पंखा. छताला पंखा खाली असेल तर हात वर करायच्या आधी बंद करा, कारण पाणी डोक्यावर आहे आणि तुम्ही हात वर करणारच आहात.

कुठल्या हेडसेटवर चालतो?

मेटा क्वेस्ट २, ३ आणि ३एस वर थेट, कॉम्प्युटर न जोडता. स्टीमव्हीआर चालणारे बाकीचे हेडसेट कॉम्प्युटरवर. मोबाइल घालायच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर नाही चालणार, लई जणांनी विचारलं म्हणून कारण सांगतो, त्यात मान फिरलेली कळते पण तुम्ही वाकलात, झुकलात, पुढं सरकलात हे कळत नाही, आणि आमचा अर्धा गेम कठड्यावरून वाकून बघण्यातच आहे.

अंधार पूर्ण काळा का दिसत नाही? थोडा राखाडी वाटतो.

चूक तुमच्या डोळ्यांची नाही. क्वेस्ट २ आणि ३ चे डिस्प्ले एलसीडी आहेत, मागून उजेड असतो, काळा रंग दाखवला तरी तो उजेड थोडा झिरपतोच. २०१९ च्या पहिल्या क्वेस्टला ओलेड, म्हणजे मागून उजेड नसलेला डिस्प्ले होता, त्यात काळं ते काळं. यावर आम्ही लई डोकं लावलं आणि शेवटी काळा वापरायचाच नाही असं ठरवलं. आमची रात्र निळसर आहे, मातीच्या बाजूला तांबूस, आणि बॅटरीचा गोल पिवळा, जुन्या सेलच्या बॅटरीसारखा कडेला विटलेला. शेतात रात्री उभं राहून बघा, खरी रात्रही काळी नसतेच. बॅटरी बंद केल्यावर मात्र डोळे सरावायला जो वेळ लागतो तो आम्ही गेममध्ये मुद्दाम आणलाय, हळूहळू एकेक पायरी उमटत जाते. त्या वीसेक सेकंदांत घाई करू नका.

हेडफोन लावलेच पाहिजेत का?

लावाच. चांगले महागडे नको, साधे वायरचे चालतील, पण लावा.

आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला तो उजव्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचतो, आणि तेवढ्यावर आपला मेंदू दिशा ओळखतो. वरून आला का खालून हे कानाच्या पाळीच्या आकारावरून कळतं. हे सगळं गणित हेडफोनमध्ये करून दाखवता येतं, स्पीकरवर सगळं विरून जातं.

बारवेतला घुमारा खरा आहे. त्यासाठी आम्ही तळाशी माइक ठेवून फुगे फोडले. फुगा फुटल्याचा आवाज एकदम छोटा आणि टोकदार असतो, त्यामागं जो घुमारा राहतो तो त्या जागेचा स्वतःचा ठसा असतो, आणि मग तो ठसा कुठल्याही आवाजावर चढवता येतो. पहिला फुगा फोडला आणि कोनाड्यांमधले सगळे पारवे एकदम उडाले, सत्तर-ऐंशी तरी असतील, त्या गोल जागेत पंखांचा आवाज असा फिरत वर गेला की आमच्या तिघांच्याही अंगावर काटा आला. फुग्याचं रेकॉर्डिंग वाया गेलं. पारव्यांचं ठेवलं, गेममध्ये ते एकदाच वाजतं. पुढचा फुगा फोडायला पारवे परत येऊन शांत होईपर्यंत दीड तास थांबलो, आणि मग तळात न फोडता दुरून, लांब काठीला टाचणी बांधून फोडले, ते बिचारे परत उठले नाहीत. मोटरच्या स्टार्टरचा खट्ट आवाजही त्याच शेतावरचा आहे.

साती आसरा आहेत का गेममध्ये? भानामती?

दोन्ही नाहीत, कारणं वेगळी आहेत.

त्या बारवेच्या एका कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड आहेत. आपल्याकडं विहिरीवर, नदीवर आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी असतात, बायका नारळ फोडतात, ओटी भरतात. परगावच्या काही मित्रांनी सुचवलं की यांचीच भुतं करा, एकदम भारी होईल. नाही करणार. ज्यांची आज सकाळी पूजा झाली त्यांना संध्याकाळी राक्षस करून विकायचं हे पटत नाही, आणि मालकांच्या घरातल्या माउलींना आम्ही तसा शब्द दिलाय. गेममध्ये तो कोनाडा आहे, रिकामा आहे, तिथं फक्त एक पणती जळत असते. ती अख्ख्या गेममधली एकमेव जागा जिथं काहीच बदलत नाही. घाबरलात तर तिथं येऊन उभे राहा.

भानामतीचं म्हणाल तर मराठवाड्यात ते नाव घेऊन बायांना किती त्रास झालाय, किती जणींना मांत्रिकाकडं नेऊन मारलंय, हे गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. ज्या गोष्टीसाठी माणसं जिवानिशी गेली ती आमच्या गेममध्ये मसाला म्हणून येणार नाही. मांत्रिक नाही, लिंबू-मिरची नाही, अंगात येणारी बाई नाही.

डेमोच्या पहिल्या आवृत्तीत जमीन थरथरायची, ते का काढलं?

हा प्रश्न फक्त सुरुवातीच्या काही जणांना पडेल, पण उत्तर द्यायचंच होतं.

तळाशी पोचल्यावर दगड थरथरायचे, दोन्ही हातातले कंट्रोलर गुरगुरायचे, आम्हाला तो सीन फार आवडायचा. औशाकडचे एक काका टेस्टिंगला आले होते. थरथर सुरू झाली तसा त्यांनी हेडसेट ओढून काढला, टेबलावर ठेवला, आणि बाहेर मोकळ्यावर जाऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं पाणी पिऊन म्हणाले की त्या पहाटे ते सोळा वर्षांचे होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, किल्लारीचा भूकंप. आम्ही तिघंही त्यानंतरचे, आमच्यासाठी तो शाळेतला धडा आणि घरातल्यांच्या गप्पा, त्यांच्यासाठी दगडमातीच्या भिंती अंगावर आलेल्या. लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी घरांत अजून रात्री भांडं पडलं की आधी बाहेर धावतात.

त्याच दिवशी काढलं. नुसता सीन नाही, कंट्रोलरची थरथर अख्ख्या गेममधून काढली, आता फक्त दोर धरल्यावर हलकासा ठोका जाणवतो.

लहान मुलांना देऊ का? चष्मा आहे, चालेल का?

मुलांना नको. १६ वर्षांखालच्या कुणालाही हा गेम देऊ नका, रडतंय म्हणूनसुद्धा नको.

चष्म्यावर हेडसेट बसतो, फक्त चष्म्याची काच आणि लेन्स घासू देऊ नका, दोन्हीवर चरे पडतात. दोन बुबुळांमधलं अंतर नीट लावा, मोठ्या माणसांचं सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, ते चुकीचं लावलं की धूसर दिसतं आणि डोकं धरतं, आणि मग लोक गेमला नावं ठेवतात.

फिट येत असेल तर खेळू नका. हेडसेट कंपन्यांच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं की साधारण ४,००० मध्ये एकाला लुकलुकणाऱ्या उजेडानं जोराची चक्कर किंवा फिट येऊ शकते, आधी कधी आली नसली तरी. आम्ही लुकलुकणारा लाईट कुठंच ठेवला नाही. गरोदर ताई, हृदयाचा त्रास असलेली माणसं, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उन्हाळ्यात हेडसेट गरम होतो, काय करू?

मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली खेळू नका, एवढंच. पहाटे किंवा रात्री खेळा, पंखा समोरून लावा म्हणजे लेन्सवर घामाची वाफ धरत नाही. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हेडसेट ओसरीवर, खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. त्याच्या लेन्स भिंगाचं काम करतात, आपण लहानपणी भिंगानं कागद जाळायचो तसंच, काही सेकंदांत आतला डिस्प्ले जळतो आणि तो डाग कायमचा राहतो. आमचा एक हेडसेट असाच गेला. मधोमध पिवळा ठिपका.

लाईट गेली तर?

क्वेस्टवर काही होत नाही, त्याला स्वतःची बॅटरी आहे, दोन तासांच्या आसपास चालते. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस लागेल. गेम प्रत्येक टप्प्याच्या पायरीवर आपोआप सेव्ह होतो, दहा मिनिटांपेक्षा जास्त मागं जावं लागणार नाही.

कशात बनवलाय? पैसे कुठून आणले?

गोडो नावाच्या गेम इंजिनमध्ये. फुकट आहे, सोर्सकोड उघडा आहे, आणि ४.० पासून ओपनएक्सआर, म्हणजे सगळ्या हेडसेटशी बोलायची सामाईक पद्धत, आतच आलंय त्यामुळं वेगवेगळ्या हेडसेटसाठी वेगळं वेगळं लिहावं लागत नाही. मॉडेलिंग ब्लेंडरमध्ये, तेही फुकट. खर्च झाला तो हेडसेट, एक जुनं ग्राफिक्स कार्ड, माइक, पेट्रोल. तिघंही नोकऱ्या करतो, काम रात्री आणि रविवारी. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात गेम टाकायला १०० डॉलर भरावे लागतात, ते आवाजवाल्यानं लग्नात वाजवून जमवले. ज्या पोरापोरींना वाटतं की असलं काही पुण्या-बेंगळुरूला गेल्याशिवाय होत नाही त्यांना सांगतो, इंटरनेट आणि चिकाटी इथंही आहे, शिकवायला कुणी नसलं तर आम्हाला विचारा, येतंय तेवढं सांगू.

भाषा कुठली?

मराठी, आणि आपल्याच बोलीतली. बोलणं फार थोडं आहे. वरून मधूनमधून एका आज्जीचा आवाज येतो, "लेकरा, आलं का रे पाणी?" एवढंच. माझ्याच आज्जीचा आवाज आहे, माळवदावर बसवून रेकॉर्ड केला, तिला कळलंच नाही की रेकॉर्डिंग सुरू झालंय, ती खरंच विचारत होती. इंग्रजी आणि हिंदी सबटायटल आहेत. आज्जीचं वाक्य भाषांतरित केलेलं नाही, तिथं सबटायटल येत नाही.

किती वेळाचा आहे?

अडीच-तीन तास. एका बैठकीत संपवू नका. गेमचा पहिला भाग, म्हणजे घागरींपर्यंतचा, कायम फुकट राहील.

खेळतानाचा व्हिडिओ टाकला तर चालेल का?

चालेल, बिनधास्त टाका, पैसे मिळाले तरी आमची हरकत नाही. शेवटची पंधरा मिनिटं तेवढी दाखवू नका. आणि व्हिडिओत बारव ओळखू आली तरी गावाचं नाव लिहू नका, मालकांना दिलेला शब्द तुमच्यावरही सोपवतोय.

मोटर चालूच होत नाही. अडकलोय.

स्टार्टरचं हिरवं बटण दाबून ठेवताय का नुसतं टिचकी मारताय? दाबून धरा, खट्ट होईपर्यंत. तरी नाही झालं तर एक फेज गेलाय, तीन दिव्यांपैकी दोनच लागलेत का बघा. मग वर जायचं, डीपीकडं. वर म्हणजे आता कुठलं वर, ते तुम्हाला ठरवायचंय.